मांजर, खोके आणि आडोसा

वसई, नालासोपारा किंवा विरार, कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या बाजारात सकाळी दहाच्या सुमारास एक फेरी मारावी. दुकानदार शटर वर करतो आणि आदल्या दिवशी रिकामी झालेली पुठ्ठ्याची खोकी ओट्याखाली आणून टाकतो. बिस्किटांची, साबणाची, औषधांची, चपलांची. भंगारवाला येऊन ती चपटी करतो, सुतळीने बांधून नेतो, तोवर तास-दीड तास जातो. तेवढ्यात गल्लीतले एखादे मांजर तिथे येतेच. ते खोक्याभोवती एक फेरी घालते, कडेला नाक लावते, पुढचा एक पाय आत टाकून तळ चाचपते आणि मग अलगद आत उतरते. गोल फिरून बसते. कडेवरून फक्त दोन डोळे आणि दोन कान दिसत राहतात. बाजूला मऊ गोणपाट असते, उन्हात तापलेला ओटा असतो, मच्छीवालीची टोपलीही जवळच असते. तरी मांजर खोक्यातच बसते.

'खोके' या शब्दाला अलीकडे आपल्या राजकारणाने भलताच अर्थ चिकटवला आहे. त्या खोक्यांत काय असते याची चर्चा पुष्कळ झाली. मला बोलायचे आहे ते रिकाम्या खोक्याबद्दल. ज्यात काहीच नाही अशा वस्तूत मांजराला एवढे काय सापडते? प्रश्न पोरकट वाटेल. पण त्याच्या मागे मागे गेले की तो आपल्या स्वतःच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

आधी जाणकार काय म्हणतात ते पाहू. मांजर हा दबा धरून शिकार करणारा प्राणी आहे. आजच्या पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतले रानमांजर. ते कळप करून राहत नाही, एकटे शिकार करते आणि स्वतः लहान असल्याने मोठ्या जनावरांची शिकारही होते. ज्याला लपून मारायचे आहे आणि लपून वाचायचेही आहे, त्याला आडोशाचे मोल दुप्पट. शिवाय भांडण मिटवण्याची कला मांजराला फारशी अवगत नाही. कुत्रा शेपूट हलवून, अंग टाकून, लोळण घेऊन तडजोड करतो. मांजर बहुधा दूर होते, लपते आणि धोका टळायची वाट पाहते.

नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या क्लॉडिया विंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोष्टीची नीट परीक्षा घेतली. त्यांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. प्राण्यांच्या निवारागृहात नव्याने आणलेली 19 मांजरे त्यांनी घेतली. 10 मांजरांना लपायला खोके दिले, 9 मांजरांना दिले नाही. मग रोज त्यांच्या हालचालींवरून त्यांच्या मनावरचा ताण मोजला. खोके मिळालेली मांजरे तीन-चार दिवसांतच स्थिरावू लागली. ज्यांना मिळाले नाही त्यांना त्याच अवस्थेला यायला कितीतरी जास्त दिवस लागले. अन्न तेच, पिंजरा तेवढाच, माणसेही तीच. फरक फक्त एका खोक्याचा.

दुसरे कारण उबेचे सांगतात. मांजराच्या शरीराला सुखावह तापमान साधारण 30 ते 38 अंशांचे असते. आपल्याला घाम फुटतो तिथे त्याला बरे वाटते. पुठ्ठ्याच्या दोन पदरांमध्ये कोंडलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणून थंड देशांतल्या मांजरांना खोके प्रिय. हे खरेच आहे. पण मग आपल्याकडे मे महिन्यात काय होते? वसईच्या किनाऱ्यावर दुपारचा पारा तिशीच्या वर असतो, दमट हवेने माणूस कासावीस होतो. त्या दिवसांत मांजराला ऊब शोधायची गरज नसते. तरीही ते खोक्यात शिरतेच. म्हणजे ऊब हे जादाचे सुख झाले. मूळ सुख वेगळे आहे. तीन-चार बाजूंनी कुणी येणार नाही आणि एका बाजूने आपल्याला सगळे दिसेल, ही निश्चिंती.

मराठीत यासाठी फार नेमके शब्द आहेत. ऊन-पावसापासून वाचवतो तो निवारा. संकटात आधार देतो तो आसरा. आणि नजरेपासून वाचवतो तो आडोसा. निवारा सरकार देऊ शकते, आसरा नातेवाईक देतात, आडोसा मात्र माणसाला स्वतःला शोधावा लागतो. मांजर खोक्यात शोधते तो आडोसा.

आपल्या घराघरांत बोलला जाणारा आणखी एक शब्द आहे, सुकून. अरबीत ज्या धातूपासून 'सुकून' येतो, त्याच धातूपासून 'मस्कन', म्हणजे राहण्याची जागा, आणि 'सकीना', म्हणजे अल्लाहकडून मनात उतरणारी शांती, हे शब्दही येतात. कुरआनच्या सूरह नहलमध्ये अल्लाहने माणसावर केलेल्या उपकारांची यादी येते. तिथे घराचा उल्लेख येतो तो विसाव्याची, ठहरावाची जागा म्हणून, आणि शब्द आहे 'सकन'. छत, भिंत, चौरस फूट यांचा विचार नंतरचा. जिथे जीव ठरतो ते घर, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब फक्त माणसासाठी नाही. सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अ.) यांचे लष्कर मुंग्यांच्या खोऱ्यात पोहोचते तेव्हा एक मुंगी बाकीच्यांना सावध करते, आपापल्या घरांत शिरा, नाहीतर लष्कराला पत्ताही लागणार नाही आणि तुम्ही चिरडल्या जाल. मुंग्यांच्या बिळांसाठी तिथे आलेला शब्द 'मस्कन'चेच अनेकवचन आहे. मुंगीच्या बिळाला आणि माणसाच्या घराला एकच शब्द. आणि हजरत सुलैमान (अ.) त्या मुंगीवर रागावले नाहीत. ते हसले आणि त्यांनी अल्लाहचे आभार मानले. सत्ताधाऱ्याने दुबळ्याच्या भीतीची थट्टा करायची नसते, तिच्याकडे कान द्यायचा असतो, एवढे तरी त्या प्रसंगातून शिकावे.

इथे कुणी म्हणेल, लपणे हे भित्र्याचे काम. मर्दाने सामोरे जावे. आपल्या समाजात हे वाक्य फार ऐकू येते. त्याला उत्तर दोन गुहांमध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात हिरा आणि सौर या दोन गुहा येतात. हिराच्या गुहेत ते एकांतासाठी जात, चिंतन करीत. पहिली वही तिथेच उतरली. सौरच्या गुहेत ते हिजरतच्या वेळी हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यासह तीन रात्री राहिले, कारण मक्केचे लोक जिवावर उठले होते. पहिल्या गुहेत मन वाढवण्यासाठी एकांत घेतला आणि दुसऱ्या गुहेत जीव वाचवण्यासाठी आडोसा. दोन्हींत कमीपणा नाही. मात्र दोन्ही गुहांची पुढची गोष्टही विसरता कामा नये. प्रेषित (स.) दोन्हीतून बाहेर आले. हिरातून बाहेर येऊन ते माणसांत गेले आणि सौरमधून बाहेर येऊन मदीनेला. गुहा हा मुक्काम होता, पत्ता नव्हता.

लपवणे म्हणजे काही वाईटच झाकणे, असेही आपण धरून चालतो. त्यासाठी नालासोपाऱ्यातच एक दाखला आहे. आजचे सोपारा गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर; अरब लेखकांनी 'सुबारा' म्हणून ज्याचा उल्लेख केला ते. तिथल्या बौद्ध स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली केले. स्तूपाच्या पोटात एक मोठी दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्या आत एकात एक बसवलेले आणखी करंडक आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे लहान लहान तुकडे. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने जपले गेले होते. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. बाजारात ज्यांना कवडीची किंमत आली नसती अशा तुकड्यांसाठी माणसांनी पेटीत पेटी रचली. जे मोलाचे वाटते ते माणूस आत ठेवतो. मांजराला स्वतःचा जीव मोलाचा वाटतो, म्हणून ते स्वतःलाच आत ठेवते.

इस्लामी परंपरेत मांजराला जो मान आहे तो आपल्याला ठाऊक आहे. प्रेषितांच्या (स.) बाहीवर मांजर झोपले होते आणि त्याची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाही कापली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. ती गोड आहे, पण हदीसच्या प्रमाणित संग्रहांत सापडत नाही. जे सापडते ते याहून खोल आहे. कब्शा बिन्त कअब यांनी कथन केलेली हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. त्यांचे सासरे हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करीत असताना एक मांजर पाणी प्यायला आले. त्यांनी भांडे तिच्यासमोर तिरके करून धरले. सून आश्चर्याने पाहू लागली तेव्हा त्यांनी प्रेषितांचे (स.) म्हणणे सांगितले, की मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे.

या 'वावरणाऱ्यां'साठी हदीसमध्ये आलेला शब्द 'तवाफ'च्याच कुळातला आहे. आणि नेमका याच कुळातला शब्द सूरह नूरमध्ये एका वेगळ्या संदर्भात येतो. तिथे घरातल्या नोकरांना आणि लहान मुलांना सांगितले आहे की, पहाटेच्या नमाजाआधी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशाच्या नमाजनंतर, अशा तीन वेळांना परवानगी विचारूनच आत या. या वेळा खासगी आहेत. एरवी तुम्ही एकमेकांत ये-जा करणारे आहात, तेव्हा हरकत नाही. म्हणजे जो शब्द मांजराला घरात मुक्त वावर देतो, तोच शब्द माणसाच्या खासगी वेळेची रेघ जिथे आखली आहे तिथेही उभा आहे. जवळीक आणि आडोसा या एकमेकींच्या वैरी गोष्टी नाहीत. रोज अंगाखांद्यावर खेळणाऱ्याचाही एक आडोसा असतो आणि तो मोडायचा नसतो.

त्याच सूरहमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरू नका असे बजावले आहे आणि परत जा म्हटले तर निमूट परत जाण्याचा आदेश आहे. सूरह हुजुरातमध्ये पाळत ठेवण्याची मनाई आहे. हजरत उमर (रजि.) यांची हकिकत सांगितली जाते की, रात्री गस्त घालताना ते भिंत ओलांडून एका घरात उतरले आणि आतल्या माणसाला गुन्हा करताना पकडले. त्या माणसाने उलट सुनावले की मी एक चूक केली, तुम्ही तीन केल्या: पाळत ठेवली, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी व सलाम न करता शिरलात. खलीफा त्याला सोडून परत फिरले. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाच्या निकालात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. कायद्याला ही वाट सापडायला वेळ लागला, तरी सापडली.

पण हक्क कागदावर मिळाला म्हणून आडोसा मिळतोच असे नाही. नालासोपाऱ्यातल्या वन रूम किचनमध्ये सहा-सात माणसे राहतात. तिथे आडोसा कुणाला? बारावीचा मुलगा इमारतीच्या जिन्यावर बसून अभ्यास करतो. नव्याने लग्न झालेल्या जोडप्यासाठी मध्ये एक पडदा लावला जातो. घरातल्या बाईला रडायचे असेल तर ती मोरीत जाऊन नळ सोडते. सकाळची विरार लोकल गाठणारा माणूस डब्यात चहूबाजूंनी दाबला जातो. तो कानात इअरफोन घालून डोळे मिटतो, तेच त्याचे खोके. आपण म्हणतो, हल्ली माणसे चिडकी झाली. निवारागृहातली खोके न मिळालेली ती नऊ मांजरे आठवून पाहावीत. स्वभावाचा दोष देण्याआधी, या माणसाला घटकाभर कुणी न पाहता बसायला जागा आहे का, हा प्रश्न विचारायला हवा.

आता नाण्याची दुसरी बाजू. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका बाईची हदीस आहे. तिने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊ-पिऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-मुंग्या खाऊन जगावे म्हणून सोडलेही नाही. ते मेले आणि त्या बाईला त्यासाठी अजाब झाला. या हदीसचा अर्थ आपण 'मुक्या प्राण्यांवर दया करा' एवढाच काढतो. पण तिच्यात एक बारकावा आहे. बाईचा गुन्हा दुहेरी आहे: दिलेही नाही आणि सोडलेही नाही. एकतर पोस, नाहीतर वाट मोकळी कर. दोन्ही न करणे हा जुलूम.

त्या बाईची कोठडी आणि दुकानाबाहेरचे खोके यांत फरक काय? दोन्हींना भिंती आहेत. दोन्ही अरुंद आहेत. फरक भिंतींत नाही, दारात आहे. खोक्यात मांजर आपल्या पायांनी जाते आणि वाटेल तेव्हा उडी मारून बाहेर येते. कोठडीची कडी दुसऱ्याच्या हातात असते. त्याच मांजराला आपण उचलून खोक्यात ठेवू लागलो तर ते अंग चोरते, नखे काढते आणि निसटते. जागा तीच, पण निवड त्याची राहिलेली नसते. तेव्हा आडोसा आणि कैद यांतला भेद असा सांगता येईल: आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची कडी ज्याच्या त्याच्या हातात असेल तर तो आडोसा, दुसऱ्याच्या हातात गेली की ती कैद, मग आतून कितीही रेशमी असो.

ही कसोटी एकदा हातात आली की ती सोयीपुरती वापरता येत नाही. आपल्या घरांतल्या बायकांच्या बाबतीतही ती लावावी लागते. एखादी स्त्री आपल्या मर्जीने पडदा घेते, तेव्हा तो तिचा आडोसा आहे. कॉलेजच्या दाराशी किंवा रस्त्यात कुणी तो ओढून काढू पाहील तर तो जुलूम आहे. आणि ज्या मुलीला दहावीनंतर घरात बसवले, जिला नोकरीचा अर्ज भरण्याआधी चार पुरुषांची परवानगी लागते, तिच्या चार भिंतींना आपण 'हिफाजत' म्हणतो, तेव्हा कडी कुणाच्या हातात आहे हे प्रामाणिकपणे पाहावे. पहिल्या जुलमाविरुद्ध आपण मोर्चे काढतो. दुसऱ्याबद्दल मात्र घरात बोलायलाही कचरतो. कसोटी एकच आहे. ती बाहेरच्यांना लावायची आणि घरच्यांना सोडायचे, हे न्यायाचे होणार नाही.

हीच कसोटी मोहल्ल्याला लावून पाहू. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या मुंबईतल्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे 900 माणसे मारली गेली. त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू होते. त्यानंतर हजारो मुस्लिम कुटुंबांनी मिश्र वस्तीतली घरे सोडली. कुणी मुंब्र्याला गेले, कुणी मीरा रोडच्या नयानगरला, कुणी आणखी पुढे नालासोपाऱ्याकडे आले. स्वस्त घर हे एक कारण होतेच. पण रात्री दार वाजले तर छातीत धस्स होऊ नये, हेही कारण होते. लोक म्हणतात, यांना आपापल्यातच राहायला आवडते. निवारागृहात नव्याने आलेले मांजर खोक्यात बसले, म्हणून कुणी म्हणेल का, की याला माणसांचा तिटकारा आहे? ते घाबरलेले आहे एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवसांत मोहल्ला हा आडोसा होता आणि ज्यांनी तो शोधला त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही.

पण तीस वर्षांनंतर प्रश्न बदलतो. आज त्या मोहल्ल्यातल्या तरुणाने ठरवले की बाहेर पडावे, कामाच्या जवळ, चांगल्या शाळेच्या जवळ घर घ्यावे, तर काय होते? भाड्याचे घर पाहायला जातो, सगळे ठरते, आणि नाव सांगितले की 'सोसायटीचा नियम आहे' असे उत्तर येते. म्हणजे आत येण्याची कडी त्याच्या बापाच्या हातात होती. बाहेर जाण्याची कडी मुलाच्या हातात नाही. खोके तेच, पण मधल्या काळात ते कोठडी झाले. त्याची जबाबदारी पहिल्यांदा बाहेरून कडी लावणाऱ्यांवर आहे. थोडी मात्र आपल्यावरही आहे. सूरह कहफमधले गुहेतले तरुण ईमान वाचवण्यासाठी गुहेत शिरले आणि अल्लाहने त्यांना तिथे 309 वर्षे निजवले. जागे झाल्यावर त्यांनी एकाला चांदीचे नाणे देऊन शहरात अन्न आणायला पाठवले. तफसीरकार सांगतात की, ते नाणे पाहून बाजारातले लोक चकित झाले, कारण तोवर राज्य, काळ, सारेच बदलले होते. त्यांची झोप अल्लाहची निशाणी होती. आपण मात्र उघड्या डोळ्यांनी आत बसून राहिलो तर आपली नाणी जुनी होतात आणि दोष बाजाराला देता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि वसई-विरारकरांसाठी तीच सर्वांत जिव्हाळ्याची आहे. 2021 साली गॅब्रिएला स्मिथ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरोघरच्या मांजरमालकांनी जमिनीवर कागदाचे आकार चिकटवून पाहिले. 30 मांजरांवरचे प्रयोग पूर्ण झाले आणि त्यांतली 9 मांजरे एखाद्या आकारात जाऊन बसली. गंमत अशी, की खऱ्या चौकोनाइतकीच ती भासमान चौकोनातही बसत होती. भासमान म्हणजे, चार कोपऱ्यांत चार आकृत्या अशा ठेवलेल्या, की मधे चौकोन असल्याचा डोळ्यांना भास व्हावा. प्रत्यक्षात रेघ एकही नाही. भिंत नसताना भिंतीचा भास पुरला. सुरक्षित वाटणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या नऊ मांजरांनी दाखवून दिले.

मांजराचे त्यात काही बिघडले नाही. माणसाचे बिघडते. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवालनगरी परिसरात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. तिथे राहणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली होती. भिंती होत्या, दारे होती, वीज होती, दारावर पाट्या होत्या. चौकोनाचा भास पूर्ण होता. मग 26 ऑगस्ट 2025 च्या रात्री विरार पूर्वेच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळला आणि 17 माणसे गेली. तिथे एका घरात मुलीचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता. गेलेल्यांत ती मुलगी आणि तिची आई होती. छप्पर हिंदूचे की मुसलमानाचे हे कोसळणाऱ्या स्लॅबने विचारले नाही.

मांजर खोक्यात उतरण्यापूर्वी नाक लावते, पाय टाकून तळ तपासते. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यात ते बसत नाही. माणसाला घराचा तळ असा पाय टाकून तपासता येत नाही. नकाशा, मंजुरी, आरक्षण, शिक्के, या गोष्टी त्याच्या नाकाच्या पलीकडच्या आहेत. म्हणून तर महापालिका असते, निबंधक असतो, बँक असते, न्यायालय असते. दुबळ्याच्या वतीने तळ तपासणे हेच त्यांचे काम. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि आसपासची गावे एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली, ती याच कामासाठी. ज्यांनी खोट्या कागदांवर घरे विकली आणि ज्यांनी पाहूनही डोळे मिटले, त्यांचा गुन्हा त्या मांजर कोंडणाऱ्या बाईपेक्षा कमी कसा म्हणावा? तिने उघड कोंडले होते. यांनी आडोसा म्हणून सापळा विकला. आणि यात आपलेही बिल्डर आहेत, आपलेही दलाल आहेत, हज करून आलेलेही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

ज्या वार्षिकात हे लिहितो आहे, त्यालाही हीच कसोटी लावायला हरकत नसावी. 'मुस्लिम मराठी साहित्य' हेही एक खोकेच आहे. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याची निकड होती. मराठीत आम्ही होतो, पण दिसत नव्हतो. बोलायला बिचकत होतो. आपल्या माणसांत बसून, अम्मी-अब्बांच्या बोलीत, ईद-मोहरमच्या आठवणींसह मराठी लिहिता येते, हा धीर त्या आडोशाने दिला. तो धीर मिळालेल्यांची पुस्तके आज मराठीच्या मोठ्या कपाटात आहेत. त्यांनी खोके सोडले असे नाही. वाटेल तेव्हा आत, वाटेल तेव्हा बाहेर, अशी ये-जा ठेवली. संपादकांनी आणि समीक्षकांनी आम्हांला त्याच खोक्यात मोजावे, ही मात्र बाहेरून लावलेली कडी झाली. ती आपण आतून उघडत राहिली पाहिजे.

थोडक्यात, माणसावर या बाबतीत तीन कर्तव्ये येतात असे मला वाटते. आडोशात बसलेल्याला ओढून बाहेर काढू नये. त्याची भीती आपल्याला क्षुल्लक वाटली तरी त्याच्यासाठी ती खरी असते. आडोशाला बाहेरून कडी लावू नये. रक्षणाच्या नावाने तर नाहीच नाही. आणि ज्याला तळ तपासता येत नाही त्याला भिजलेले खोके देऊ नये. मुलगा, सून, भाडेकरू, शेजारी, नवखा परप्रांतीय, दुसऱ्या धर्माचा माणूस, साऱ्यांना हे सारखेच लागू आहे.

एवढे सांभाळले, की बाहेर ये म्हणून कुणाला आर्जव करावे लागत नाही. मांजराचे निरीक्षण करणारा कुणीही सांगेल, की ज्याला खोके आहे तेच मांजर लवकर बाहेर येऊन माणसाच्या पायांत घोटाळू लागते. ज्याला ते नाही ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते. आपल्या शहरांत आज कोपऱ्यात अंग चोरून बसलेली माणसे किती आहेत, हे ज्याने त्याने आपल्या इमारतीपासून मोजायला सुरुवात करावी.